झीलकऱ्याचा गळा आणि हात

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबी का मकबऱ्यामागील डोंगराच्या कुशीत जी बौद्ध लेणी आहेत, त्यांपैकी सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यातील भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये हाती घेतलेल्या सहा स्त्रिया असे सहाव्या शतकातील एक अत्यंत मनोहर शिल्प आहे. तेथे जाणारा प्रेक्षक स्वाभाविकपणेच नर्तकीच्या देहाच्या बाकाकडे पाहतो, तिच्याविषयी दोन शब्द बोलतो आणि परततो. तिला ज्यांनी ताल पुरविला त्या सहाजणींकडे त्याचे लक्ष जाते ते ओझरतेच. शिल्पकाराने मात्र त्या सहाजणींच्या हातांवर, बोटांवर आणि मानेच्या कलावर जी मेहनत घेतली आहे ती नर्तकीवर घेतलेल्या मेहनतीहून तसूभरही कमी नाही. वाद्य वाजवता वाजवता मुख्य कलावंताच्या मागून गाणारा, त्याचा शब्द उचलून धरणारा जो कलावंत आपल्या लोकपरंपरेत शतकानुशतके उभा आहे, त्याच्याकडे आपणही त्या शिल्पकाराच्या नजरेने पाहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

पोवाड्याचा फड डोळ्यांपुढे आणावा. पुढे शाहीर, त्याच्या हाती डफ; मागे ढोलकीवाला, झांजवाला आणि तुणतुणेवाला. शाहिराचा चौक रंगात येतो, ओळ शेवटच्या शब्दावर येऊन ठेपते आणि ती पुरती संपण्यापूर्वीच मागून दोनतीन गळे एकदम उठतात, तिचा शेवट अलगद उचलतात आणि ‘जी जी’ अशा लांब, ताणलेल्या स्वरात तो वर नेऊन सोडतात. यालाच झील धरणे म्हणतात आणि ती धरणारे ते झीलकरी. तमाशाच्या फडात हेच काम सुरत्याकडे असते. श्रोत्याला वाटते की ही केवळ शोभा आहे. पण झील काढून घेऊन तोच पोवाडा ऐकावा, म्हणजे शाहीर किती लवकर थकतो, कवन किती विस्कळीत होते आणि श्रोत्यांचा उत्साह कसा ओसरतो ते कळून येईल. झील सुरू असते तेवढ्या अवधीत शाहीर श्वास भरून घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा रंग पाहतो आणि आता वीररसाचा चौक लांबवावा की आवरता घ्यावा याचा निर्णय करतो. त्याला ही उसंत मिळवून देणारा माणूस स्वतः मात्र क्षणभरही उसंत घेत नाही, कारण गळा थांबला तरी त्याचा हात चालूच असतो.

तो हात ज्या वाद्यावर चालतो ते तुणतुणे दिसावयास अगदी सामान्य आहे. पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या बुडाला ताणून बसविलेले कातडे, बाजूला ठोकलेली दांडी, दांडीच्या वरच्या टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत ओढलेली एकच तार, एवढाच त्याचा सरंजाम. खुंटी पिळून तार शाहिराच्या षड्जाला मिळवून घेतली की मग ती गाणे संपेपर्यंत एकच स्वर देत राहते. परंतु तो स्वर तंबोऱ्यासारखा अखंड वाहणारा नसून बोटाच्या प्रत्येक आघातासरशी तुटक, टोकदार असा निघतो, आणि त्यामुळे हे एकतारी वाद्य एकाच वेळी आधारस्वराचे आणि लयीचे अशी दोन्ही कामे उरकते. ते काखेशी धरून उभ्यानेच वाजवायचे असल्याने त्याचा नाद वाजविणाऱ्याच्या कानाशी सतत असतो, पाठ ताठ राहते आणि छाती मोकळी राहते. झील धरण्याचे काम बहुधा तुणतुणेवाल्याकडे आणि झांजवाल्याकडे का येते, याचे उत्तर माझ्या मते येथेच आहे. ढोलकीवाल्याचे दोन्ही हात, खांदे आणि सारे अवधान तालाच्या नव्या नव्या रचनेत गुंतलेले असते. त्याला प्रत्येक आवर्तनात काही निराळे सुचावे लागते. तुणतुणेवाल्याचा हात मात्र एकच चाल धरून असतो, आणि जो हात स्वतःहून चालू शकतो तोच गळ्याला मोकळीक देऊ शकतो.

गाणे आणि वाजविणे ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी करणे अवघड का, याचाही उलगडा येथूनच होतो. मनुष्याचे अवधान एका क्षणी एकाच नव्या गोष्टीवर नीट टिकते. दुसरी गोष्ट चालवायची तर ती इतकी जुनी, इतकी अंगवळणी पडलेली असावी लागते की तिच्यासाठी अवधानाचा खर्चच पडू नये. त्यातही खरी अडचण येते ती शब्दांची अक्षरे तालाच्या मात्रांवर न पडता त्यांच्या मध्ये पडतात तेव्हा. हाताचा आघात एका जागी आणि अक्षराचा उच्चार अर्ध्या मात्रेने पुढे, अशी वेळ आली की नवख्याचा हात नकळत अक्षराच्या मागे धावतो आणि लय डळमळते. अथवा हात सावरला तर गळा आघाताबरोबर तुटू लागतो आणि जी झील दोरीसारखी लांब, सलग सुटायची ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. यासाठीच जुन्या फडांत शिकाऊ मुलाच्या हाती आधी वाद्य द्यायचे आणि त्याला गप्प उभे करायचे, अशी वहिवाट होती. हात झोपेतही चुकणार नाही असा झाला म्हणजे मग त्याने वाजवता वाजवता बोलायचे, नंतर एकच लांब स्वर धरायचा, आणि सर्वांत शेवटी शब्द उचलायचे. घाई करणाऱ्याला हा क्रम जाचक वाटतो. परंतु त्याला दुसरा तरणोपाय नाही.

गळ्याचेही स्वतंत्र शास्त्र आहे. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी उघड्या मैदानावर हजारपाचशे माणसांपर्यंत आवाज पोहोचवायचा तर तो उंच पट्टीतच लावावा लागे, आणि म्हणून झील ‘आ’ आणि ‘ई’ अशा मोकळ्या स्वरांवर, पुष्कळदा शाहिराहून वरच्या अंगाने सुटते; त्यामुळे ती त्याच्या आवाजावर आदळत नाही, त्याच्या माथ्यावरून निघून जाते. पाश्चात्त्य वाद्यवृंदांतही वाजविणारे मागून गातात, ‘बीटल्स’ या लिव्हरपूलच्या चौघांची कीर्ती बव्हंशी अशाच गाण्यावर उभी राहिली; पण तेथील मागचा गळा मुख्य गायकाच्या स्वरापासून तीन किंवा पाच स्वरांच्या अंतरावरून समांतर चालतो आणि दोन निराळ्या स्वरांच्या मिलाफातून रंग भरतो. आमची झील तोच स्वर धरते, फार तर सप्तक बदलते, कारण आमचे संगीत एका सुरावटीच्या वाढीवर विसंबलेले आहे. त्या चौघांतील पॉल मॅकार्टनी यांनी मात्र बास गिटारीवर गाण्याहून स्वतंत्र सुरावट वाजवीत गाण्याची जी करामत साधली, ती पाहून तुणतुण्यावर हयात घालविलेल्या कोणाही सुरत्याने त्यांना मनापासून दाद दिली असती.

संभाजीनगरच्या मुलखाचे भाग्य असे की, या एकाच कलेची निरनिराळी रूपे येथे थोड्या थोड्या कोसांवर ऐकावयास मिळतात. दक्षिणेस गोदावरीच्या काठी पैठण, संत एकनाथांचे गाव. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, तेथे जेव्हा दिंड्या लोटतात तेव्हा वाळवंटावर आणि वाड्यावाड्यांतून वारकरी कीर्तने चालतात, आणि त्या कीर्तनांत कीर्तनकाराच्या पाठीशी उभे असलेले टाळकरी हे या कलेचे मोठे उपासक होत. गळ्यात अडकवलेल्या टाळांचे ओझे, दोन्ही हात भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत बांधलेले, पाय पावलीत गुंतलेले आणि गळ्यात अभंगाचे धृपद. हात, पाय आणि कंठ असे तीन व्यवहार एकाच देहात चाललेले असतात. पखवाजाची लय वाढू लागली की तिन्ही व्यवहार एकाच प्रमाणात वाढवावे लागतात. संत तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे वारकरी परंपरेने आजवर जतन केली आहेत, यावरून या संप्रदायाने मागे उभ्या राहणाऱ्याची योग्यता किती जाणली होती ते दिसते.

एकनाथांनी (१५३३–१५९९) जी भारुडे रचली त्यांत तर पाठीमागच्यांचे काम याहूनही एक पायरी वर चढते. भारुडात सोंग घेतलेला पुढे येतो, गातो, मध्येच गाणे थांबवून बोलू लागतो, आणि त्याला प्रश्न विचारणारे, त्याच्या बोलण्याला हुंकार देणारे, अडविणारे, हसविणारे हे सारे मागचे वाजविणारेच असतात. ठेका हलका करून चालू ठेवायचा, त्याच्यावरच संवाद टाकायचा आणि सोंगाने पुन्हा धृपद धरताच क्षणात पूर्ण भराने त्याला जाऊन मिळायचे, असा हा खेळ आहे. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे यांनी नाथांच्या बुरगुंड्याच्या भारुडाला गावोगावी जे प्रेम मिळवून दिले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे सहज पटेल. त्यांच्या एका गिरकीसरशी मागच्या टाळकऱ्यांचे आवाज कसे उसळत! २०२१ साली कोरोनाने भाकरे यांना आपल्यातून नेले, आणि या जिल्ह्याच्या लोकरंगभूमीची फार मोठी हानी झाली.

पश्चिमेकडे दौलताबादचा किल्ला ओलांडून घाट चढला की खुलताबाद लागते. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब, ज्यांचे देहावसान १३३७ साली झाले, यांचा दर्गा तेथे आहे, आणि समा म्हणजे भक्तिसंगीताच्या श्रवणावर त्यांचे आत्यंतिक प्रेम होते. कव्वालीच्या मजलशीत पुढे मुख्य कव्वाल आणि त्याच्या लगत हार्मोनियम घेतलेला हमनवा, मागे तबला-ढोलक आणि टाळ्या वाजविणारे. हमनव्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर आणि गळा कव्वालाच्या ओळीवर. मुख्य कव्वाल एखाद्या मिसऱ्यावरून तान घेत दूर निघून जातो तेव्हा मूळ मिसरा जागच्या जागी फिरता ठेवण्याची जबाबदारी याची. आणि त्यातला एक दस्तूर मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे: ऐकणाऱ्यांपैकी कोणाला एखाद्या शब्दावर हाल आला, तो भान हरपून गेला, तर तो भानावर येईपर्यंत तोच शब्द, तीच ओळ म्हणत राहायची, ती सोडायची नाही. अशा वेळी हाताचे कसब आणि गळ्याचा दम यांची खरी परीक्षा होते.

शहरातच, नागसेनवनाच्या परिसरापासून थोड्या अंतरावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तेथे अफाट जनसमुदाय लोटतो आणि गायनपार्ट्या भीमगीते गातात. आंबेडकरी जलशाची आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांची परंपरा चालविणाऱ्या या पार्ट्यांत ढोलकी, पेटी आणि खंजिरी वाजविणारे कोरस देतात तो इतका बुलंद असतो की पुढचे शब्द गर्दीतल्या प्रत्येकाच्या ओठांवर आपोआप येतात.

या विद्यापीठाने लोककलांच्या अभ्यासाचीही मोठी सेवा केली आहे. डॉ. प्रभाकर मांडे यांनी येथे अध्यापन करीत असतानाच लोकसाहित्याच्या आणि लोकरंगभूमीच्या अभ्यासाचा पाया पक्का केला, २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस ते निवर्तले, डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी नाट्यशास्त्र विभागात राहून तमाशाचा सांगोपांग विचार केला. अशा विद्वानांमुळे फडाच्या रचनेविषयी आपण आज काही अधिकाराने बोलू शकतो.

तरीही दफ्तरी नोंद राहिली ती मुख्य शाहिराची. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचे नाव आपण शाळेत शिकतो. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाडे एकत्र करून छापले तेव्हा जे कागदावर उतरले ते शाहिराचे कवन, त्यामागच्या झिलीला कागदावर आकार येण्याची सोयच नव्हती. अपवाद म्हणून होनाजी शिलारखाने यांची आठवण होते. होनाजींनी रचावे आणि त्यांचे सोबती बाळा कारंजकर यांनी गावे, असा त्यांचा संसार होता, आणि लोकांनी दोघांची नावे जोडून ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव केले, व्ही. शांतारामांनी १९५१ साली ‘अमर भूपाळी’ काढला तो त्यांच्याच आयुष्यावर. अशी जोडनावे आणखी कितीतरी व्हावयास हवी होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा तीन समर्थ शाहीर एकाच व्यासपीठावर आले, आणि एकाने पुढे होऊन गावे तर इतरांनी त्याला साथ द्यावी हे ओघानेच आले. ज्याला पुढे उभे राहता येते त्यालाच मागे उभे राहण्याचे मोल अधिक कळते असे मला वाटते.

आता प्रत्येकापुढे स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो. पूर्वी एकाच ध्वनिक्षेपकापुढे सारा फड उभा राही. झील धरताना झीलकरी दोन पावले पुढे येत, शब्द संपताच मागे सरत, आणि आवाजाचे कमीजास्त प्रमाण पायांनीच राखले जाई. ते काम आज मंचाबाहेर बसलेल्या ध्वनियोजकाकडे गेले आहे, आणि ज्याला झील म्हणजे काय हे ठाऊक नाही तो ती हटकून दाबून टाकतो. तुणतुण्याऐवजी षड्ज देणारी विजेची पेटी ठेवण्याची रीतही पडू लागली आहे. पेटी स्वर चोख देते. पण शाहीर एखादा शब्द लांबवू लागला की त्याच्याबरोबर थांबणे आणि त्याने लय सोडताच ती उचलणे तिला साधत नाही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, भारूड, जलसा, कव्वाली या कला सादर करणारी खेड्यापाड्यांतील मुले मी मोठ्या आस्थेने पाहतो, कारण त्यांतल्या बहुतेकांना पुढे उभे राहण्याआधी मागे उभे राहावे लागते. त्यांच्या परीक्षकांनी गुण देताना मुख्य गायकाबरोबर झील धरणाऱ्याचा सूर, त्याच्या हाताची लय आणि शब्द उचलण्याची त्याची वेळ यांना स्वतंत्र गुण द्यावेत, प्रशस्तिपत्रात त्याचे नाव स्वतंत्र ओळीत लिहावे, आणि शाहिराच्या मुलाखतीबरोबर सुरत्याचीही मुलाखत ध्वनिमुद्रित करून विद्यापीठाच्या दफ्तरात ठेवावी, अशी माझी या क्षेत्रातील जाणत्यांना विनंती आहे.