आरओ घेण्याआधी टीडीएस मोजा

भायखळ्याच्या नळाला येणारं पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचं, मुळातच मऊ. मत्स्यालयातल्या टेट्रा, बार्ब, गोल्डफिशला ते मानवतं, फक्त क्लोरिन मारायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब हवेत. इमारतीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल, तर मात्र टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवरचा आकडा लगेच चढतो.

आरओची खरी गरज समुद्री टाकीला, डिस्कसच्या पैदाशीला आणि नाजूक कॅरिडिना कोळंबीला.

स्वयंपाकघरातलं आरओ यंत्र इथे पुरत नाही. बहुतेक यंत्रं चवीसाठी थोडे क्षार पुन्हा मिसळतात. टाकीसाठी गाळाचा फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि समुद्री माशांकरता शेवटी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, असा संच पाहावा. कार्बन वेळेवर बदलायलाच हवा, नाहीतर क्लोरिनने मेम्ब्रेन खराब होतं. ५० जीपीडी (गॅलन प्रतिदिन) क्षमतेचं मेम्ब्रेन म्हणजे दिवसाला सुमारे १९० लिटर, तेही पाण्याला ४ बारच्या आसपास दाब असेल तर. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर तो क्वचितच मिळतो, तिथे बूस्टर पंप घ्याच. शुद्ध पाण्याच्या लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. ते बादलीत धरून लादी पुसायला वापरावं.

निव्वळ आरओच्या पाण्याने गोड्या पाण्याची टाकी भरू नये. क्षारांअभावी पीएच कोसळू शकतो आणि मासे दगावू शकतात. आधी त्यात नळाचं पाणी किंवा मिनरल मिसळा.