कोणती नळी गुंडाळावी?

भिवंडीच्या दमट हवेत, गोठ्याजवळ गोबरगॅस व दूध थंड करण्याची टाकी दोन्ही असतील, तर पावसाळ्यात दोहोंच्या नळ्या पाण्याने त्रास देतात. कारण एकच : गारव्याने बाष्पाचे पाणी होते. उपाय मात्र निराळे.

टाकीकडून यंत्राकडे परतणारी जाड नळी अतिशय गार असते. ती उघडी राहिल्यास सारखी पाझरते, यंत्रावरील भार वाढतो, दूध ४ अंशांपर्यंत उतरण्यास विलंब लागतो व ते नासण्याची भीती उत्पन्न होते. तिच्यावर फोम-रबराचे आवरण चढवून सांधे चिकटवून घ्यावेत. गोणपाट गुंडाळू नये. ते पाणी धरून ठेवते.

गोबरगॅसच्या नळीत पाणी आतून साचते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात या संयंत्रांचा प्रसार आरंभिला, तेव्हापासूनची ही अडचण. शेगडीची ज्योत फडफडू लागली की ती ओळखावी. ही नळी गुंडाळणे धोक्याचे, कारण गळती झाकली जाते. नळीस उतार द्यावा, सखल जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी व सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. पेटती काडी धरून गळती शोधणाऱ्यास ग्रामसेवकांनी तेथेच थांबवावे.