अप्रेंटिसला लागलेली पोरं

साताऱ्या-सांगलीकडे पाहुण्यांत कुणी विचारलं, "पोरगं काय करतंय?" तर उत्तर येतं, "अप्रेंटिसला लागलंय." पोलिसात लागलंय, एसटीत लागलंय, तसंच हेही. त्या 'लागलंय'मध्ये घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. कायद्याला मात्र हे क्रियापद मान्य नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा म्हणतो की हा मुलगा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. आणि करारात तसं कलम नसेल तर मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याचं बंधन मालकावर नाही. म्हणजे आई म्हणते लागला, सरकार म्हणतं शिकतोय. या दोहोंच्या मधल्या वर्षात नेमकं काय होतं, त्याचा हा आढावा.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण या दोन जिल्ह्यांत एक गोष्ट उलट्या क्रमाने घडली. इथे कारखाना आधी आला आणि इंजिनिअरिंग कॉलेज नंतर. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. बत्तीस एकर, त्यात निवडुंग आणि साप. साल 1910. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती.

लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले आणि मोकळ्या वेळात तिथल्याच वर्कशॉपमध्ये यंत्रं शिकले. पुढे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावच्या सायकलच्या दुकानात परतले. असा माणूस माळावर कारखाना काढतो तेव्हा तो तयार कारागीर कुठून आणणार? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्याने रखवालीला ठेवलं, हे अनेकांना माहीत असतं. पण लेथ कधी न पाहिलेल्या माणसांच्या हाती लेथ देणं हा मला त्याहून मोठा विश्वास वाटतो.

त्या शिकाऊंपाशी आजच्या पोरांकडे नसलेली एक गोष्ट होती. ते नांगर बनवत होते आणि नांगर काय करतो हे त्यांना पायाखालच्या मातीतून ठाऊक होतं. 1926 च्या सुमाराला वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप होऊ लागले. ज्याच्या घरी मोट चालायची त्याला पंपाच्या केसिंगचं बोअर का नीट हवं, हे समजवायला फळा लागत नाही. आजचा मुलगा ज्या पुर्ज्यावर आठ तास घालवतो, तो कुठल्या गाडीत कुठे बसतो हे त्याला कित्येकदा वर्षअखेरीसही कळलेलं नसतं. कुणी सांगत नाही, आणि विचारायला तो बिचकतो.

साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये सातारारोडला कारखाना उभा केला. नांगरापासून सुरुवात, पुढे डिझेल इंजिनं. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. कारखाना 1940 मध्ये वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. सांगलीत धोंडुमामा साठे यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं ते 1947 साली आणि त्याला वालचंदांचं नाव मिळालं 1955 मध्ये. कराडचं सरकारी कॉलेज 1960 चं. वाडीचा कारखाना आणि सांगलीचं कॉलेज यांच्यामध्ये सदतीस वर्षं आहेत. तेवढा काळ या मुलखात यंत्रविद्या शिकायची शाळा म्हणजे कारखानाच.

इथे कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव येणारच. रयत शिक्षण संस्था त्यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला स्थापली, 1924 मध्ये साताऱ्याला आणली. किर्लोस्करांचे नांगर त्यांनी विकले होते, कूपरांच्या उद्योगातही ते होते. अप्रेंटिसच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्या 'कमवा आणि शिका'चा दाखला देतात, तो मला पुरता पटत नाही. रयतेतला मुलगा शेतात राबे तो शाळेचा खर्च निघावा म्हणून. काम वेगळं, शिक्षण वेगळं. अप्रेंटिसचं काम हेच त्याचं शिक्षण असतं. काम निकृष्ट दिलं की शिक्षणही बुडालं. संध्याकाळी भरून काढायला दुसरी शाळा नाही.

कागदाशिवाय शिकण्याची परंपराही इथे जुनी आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडची पोरं सोनं-चांदी गाळायला नात्यातल्या माणसाबरोबर पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत जातात, तीही एका अर्थाने अप्रेंटिसच. मिरजेत हत्यारं घडवणारे शिकलगार तंबोरे-सतारी घडवू लागले आणि ती विद्या बापाकडून मुलाकडे आली. तिथे शिकवणाऱ्याला एक भीती असते: याला नीट शिकवलं नाही तर उद्या धंदाच बुडेल. कारखान्यातल्या उस्तादाला ती भीती नाही. वर्षाने हा जाणार, नवा येणार.

आता वर्षाचा हिशेब. आयटीआयचा फिटर दोन वर्षं कानस आणि हॅक्सॉ चालवून येतो. लोखंडाचा तुकडा चौकोनी करायला किती घाम लागतो हे त्याला कळलेलं असतं. व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येतो. कंपनीत पहिले काही आठवडे झाडलोट, सेफ्टीचे बूट आणि डीबरिंग, म्हणजे जॉबच्या कडांवरची धार काढणं. यात कमीपणा नाही. कडा साफ करताकरताच जॉब हाताला ओळखीचा होतो. पुढे तपासणी, मग मशीनवर जॉब चढवणं-उतरवणं.

खरी पायरी त्यानंतरची. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर बटण दाबतो. सेटर मशीन लावतो. कापता कापता टूल झिजतं, माप शतांश मिलिमीटरने सरकायला लागतं. किती सरकलं ते मायक्रोमीटरने पाहून ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या मापाच्या नोंदीत, तेवढीच दुरुस्ती घालायची. उलट चिन्ह पडलं तर जॉब बाद, कधी टूलही जातं. म्हणून अप्रेंटिसला ऑफसेटच्या स्क्रीनला हात लावू देत नाहीत. आणि म्हणून तो ऑपरेटरच राहतो. जिथे उस्ताद शेजारी उभा राहून "आता तू घाल" म्हणतो, तिथे पोराचं इंजिनिअरिंग सुरू झालं असं समजावं. बाद जॉबचा खर्च सोसायची तयारी नसलेल्या कंपनीने अप्रेंटिस घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

सहकारी साखर कारखान्यांचं वेगळं. हंगामात मिल थांबवता येत नाही, तेव्हा अप्रेंटिसला फक्त आवाज आणि वाफ भेटते. गाळप संपलं की सगळं खोललं जातं: रोलर, बेअरिंग, गिअर, पंप, व्हॉल्व्ह. ऑफ सीझनला 'रिकामा काळ' म्हणणाऱ्यांनी तेव्हा मिल हाउसमध्ये एक चक्कर मारावी. फिटरच्या मुलाला यंत्राचं पोट पाहायला याहून चांगली जागा या दोन जिल्ह्यांत नाही.

पैशाचं थोडक्यात. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला महिना 7000, डिप्लोमाला 8000, पदवीधराला 9000 ठरलं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, हेही त्यातच. अप्रेंटिसचा प्रॉव्हिडंट फंड भरावा लागत नाही. औद्योगिक वसाहत कुपवाडची असो, शिरवळची असो की तासवडेची, ऑर्डर वाढली की कायम माणूस घेण्याऐवजी अप्रेंटिस वाढवण्याचा मोह कुणालाही होईल. एका कारखान्यात मी अप्रेंटिसची नोंदवही पाहिली होती. बारा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत उतरवलेल्या. मुलगा वर्षभर पॅकिंगला होता. वहीत मात्र मिलिंग, ग्राइंडिंग, मेंटेनन्स, सगळं होतं.

तरीही शिडी आहे, आणि ती चढणारे आहेत. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्या वाटेने जाणारा मुलगा वर्गात मशीन डिझाइन ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शाफ्ट असतो, बाकीच्यांसमोर आकृती. अडचण असते ती मधल्या वर्षांची. घरी हप्ता, बहिणीचं लग्न, आणि "आता चार पैसे यायला लागलेत तर पुन्हा कॉलेज कशाला?" हा प्रश्न. शिवाय आपल्याकडे मुलगी देताना 'परमनंट आहे का' हेच आधी पाहतात. सेटर आहे का, ड्रॉइंग वाचतो का, असं विचारणारा सासरा माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे कितीक जण मिळेल त्या कंत्राटी कामावर थांबतात किंवा चाकणची वाट धरतात.

मुलींसाठी आयटीआयमध्ये तीस टक्के जागा राखीव आहेत. पण दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी कितीदा मिळते? कंपनीची बस फाट्यापर्यंत, पुढचे तीन किलोमीटर भाऊ न्यायला आला तर. या साध्या गोष्टीवर किती मुलींचं टर्नर होणं अडकलं असेल. बस गावात आणायला कुठला नवा कायदा लागत नाही.

या दिवाळीला असा एखादा भाचा-पुतण्या घरी आला, तर पगार किती हे शेवटी विचारा. करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदला आहे का, त्याची प्रत तुझ्याकडे आहे का, हे आधी विचारा. मग विचारा, पहिल्या महिन्यात कुठल्या मशीनवर होतास आणि आता कुठल्या. दोन्ही उत्तरं एकच आली, तर सुट्टी संपायच्या आत त्याच्याबरोबर जाऊन त्याच्या आयटीआयच्या निदेशकांना भेटा.