फोडणीच्या भाताआधीची रात्र

सकाळचे सात. डब्यांची घाई, मुलांची दप्तरे, आणि ओट्यावर कालच्या भाताचे पातेले. ‘‘आई, रात्री भात फ्रीजमध्ये ठेवायचा राहिला हो,’’ सून सांगते. ‘‘राहू दे गं. फोडणी दे, झाकण ठेवून चांगली वाफ आण. गरम केलं की काही होत नाही,’’ सासूबाईंचे उत्तर. असे बोलणे मराठी घरांत इतके रुळलेले आहे की त्यात तपासण्यासारखे काही असेल असे वाटतच नाही. पण सासूबाईंचे शेवटचे वाक्य भाताच्या बाबतीत खरे नाही.

बॅसिलस सेरिअस नावाचा जिवाणू मातीत राहतो आणि शेतातून तांदळासोबत घरी येतो. परिस्थिती प्रतिकूल असली की तो टणक कवचाच्या बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतो. तांदूळ कितीही धुतला तरी तो पुरता निघत नाही आणि भात शिजतानाच्या उष्णतेतही त्याचे काही बीजाणू तगून राहतात. उलट त्या उष्णतेनेच त्यांना जाग येते. इतर बहुतेक जंतू तोवर मेलेले असतात. भातात ओलावा भरपूर, पिष्ट तयार आणि स्पर्धेला कोणी नाही. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात आणि जिवाणूंची संख्या दुप्पट होत जाते. हिशेबापुरता दुपटीला अर्धा तास धरला, तरी रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांत एका जिवाणूचे अडीच लाखांहून अधिक होतात. उकाड्यात याहून कमी वेळ पुरतो.

जिवाणू वाढले म्हणून काय झाले, फोडणीत मरतील ना? बरेचसे मरतातही. पण त्यांचे काही प्रकार वाढताना भातात सेरुलाइड नावाचे विष सोडून ठेवतात, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवल्यावरही ते टिकते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. घरातल्या कुकरमध्ये दाब पूर्ण चढल्यावर तापमान साधारण तेवढेच असते. म्हणजे कढईतली वाफ, मायक्रोवेव्हची तीन मिनिटे किंवा कुकरच्या चार शिट्ट्या, कशानेही हे विष जात नाही. हळद, लसूण, कढीपत्ता यांचाही उपयोग नाही. शिवाय या विषाला वास नाही, चव नाही. ‘आंबूस वास येत नाही ना, तार सुटली नाही ना’ ही आपली नेहमीची परीक्षा इथे अपुरी पडते.

असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. नाश्ता आठला केला तर त्रास दुपारपर्यंत दिसतो, आणि घरोघरी त्याचे निदान ठरलेले असते: पित्त झाले! जागरण, उपास, ऊन, चहा यांपैकी कशावर तरी खापर फुटते. भाताचे नावही निघत नाही, कारण तो तर चांगला गरम करून खाल्लेला असतो. याच जिवाणूमुळे जुलाबाचाही आजार होतो, पण तो साधारण सहा ते पंधरा तासांनी उद्भवतो, तेव्हा तर सकाळचा नाश्ता कोणाच्या लक्षातही नसतो.

भाताचा हा संबंध वैद्यकाच्या नजरेत ठळकपणे आला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटनमध्ये. चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होण्याचे प्रकार वारंवार घडू लागले. तपासात दिसले की भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवला जाई आणि मागणी आली की तव्यावर पटकन परतून दिला जाई. फ्रीजमध्ये ठेवला तर भाताचे गोळे होतात, परतताना मोकळा होत नाही, म्हणून आचारी तो फ्रीजबाहेरच ठेवत. आपला फोडणीचा भात याहून फार वेगळा नाही.

बहुतेकांना हा त्रास दिवसभरात ओसरतो. पण क्वचित प्रकरण गंभीर होते. २००८ मध्ये ब्रसेल्समध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्याला त्रास सुरू झाला आणि त्याच रात्री तो दगावला. त्याच्या यकृताला इजा झाल्याचे शवविच्छेदनात आढळले. पाच दिवस हे टोकाचे उदाहरण खरे, पण गरम केल्याने विष गेले नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

प्रत्येक शिळ्या पदार्थाला मात्र एकच माप लावता येत नाही. वाळून कडक झालेल्या भाकरीत ओलावा कमी, म्हणून जंतू सहजी वाढत नाहीत. मोठ्या पातेल्यातल्या मटणाच्या दाट रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा दुसरा जिवाणू वाढतो. तो सहसा पोटात गेल्यावर विष तयार करतो, त्यामुळे रस्सा खळखळून उकळला की धोका बराच टळतो. तिथे सासूबाईंचे सूत्र बरोबर आहे. भातावर आणि शेवया-नूडल्सवर ते चालत नाही.

मग भात टाकून द्यायचा? मुळीच नाही. फक्त काळजी सकाळी घ्यायची नाही, ती रात्रीच घ्यायची. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांवर असेल तर अमेरिकेतील सूचना एकच तास देतात. विदर्भातल्या मे महिन्यात एक तासच धरलेला बरा. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये’ या समजुतीने खरी अडचण होते. कुकरच्या भांड्यात दाबून बसलेला भात मधोमध कितीतरी वेळ कोमट राहतो, आणि तो गार होण्याची वाट पाहतापाहता घर झोपी जाते. त्याऐवजी जेवणे होताच उरलेला भात परातीत पसरावा, वर पंखा लावावा. ओटा आवरेपर्यंत तो निवतो. मग उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशीच संपवावा आणि एकदाच गरम करावा. रात्री वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीजमधल्या भातावरही भरवसा ठेवू नये. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकायला जीव होत नाही, हे समजण्यासारखे आहे. बहुतेक घरांत तो ‘मीच संपवते’ म्हणून घरची बाईच खाते आणि दुपारी डोके धरून पडते.

उलट्या झाल्याच तर जलसंजीवनीचे पाणी घोटघोट देत राहावे. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, कारण त्रास आधीच तयार झालेल्या विषाचा असतो. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती असेल, लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर थेट डॉक्टरांकडे न्यावे. तिथे काय काय खाल्ले हे सांगताना सकाळचा भातही सांगावा. तो सहसा सांगायचा राहून जातो.