नको ती वारंवारता अडवताना : शंभर वर्षांचा मागोवा

१९१८ साली अमेरिकेत बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग या शहरांदरम्यान तारांच्या एकाच जोडीवरून एकाच वेळी अनेक संभाषणं धावू लागली. प्रत्येक संभाषणाला स्वतःची वारंवारता दिलेली होती आणि पलीकडच्या टोकाला त्यांना एकमेकांपासून सोडवण्याचं काम ठरावीक पट्ट्यातल्याच वारंवारता पुढे सोडणारे बँडपास फिल्टर करत होते. एटी अँड टी कंपनीच्या जॉर्ज कॅम्पबेल यांना या फिल्टरचं पेटंट आदल्याच वर्षी मिळालं होतं. जर्मनीत कार्ल विली वाग्नर स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचले होते.

कॅम्पबेल यांची रचना म्हणजे कॉईल आणि कपॅसिटर यांची शिडी. पायऱ्या वाढवाव्यात तसा पट्ट्याबाहेर फिल्टरच्या आलेखाचा उतार तीव्र होतो. पण कॉईलच्या तारेलाही रोध असतो. पायऱ्या वाढल्या की हवा असलेला संदेशही क्षीण होतो आणि पट्ट्याच्या कडा झिजून गोल होतात. नुसत्या पायऱ्या वाढवून भागणार नाही, हे लवकरच कळून चुकलं.

त्याच कंपनीतल्या ओटो झोबेल यांनी १९२३ च्या लेखात वेगळी वाट मांडली. शिडीची एक शाखा अशी बसवायची, की त्रास देणाऱ्या नेमक्या वारंवारतेला ती जमिनीकडे मोकळी वाट करून देईल. त्या ठिकाणी फिल्टरच्या आलेखात खोल खड्डा पडतो. मात्र खड्ड्याच्या पलीकडे अडवण्याची ताकद पुन्हा कमी होते. म्हणून झोबेल यांनी दोन्ही प्रकारच्या पायऱ्या एकाच फिल्टरमध्ये जोडल्या : जवळच्या उपद्रवासाठी एक, दूरच्यासाठी दुसरी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच. उतार सरसकट वाढवत बसण्यापेक्षा शत्रू कुठे आहे ते पाहून नेमका तिथे खड्डा खणायचा.

विल्हेल्म काउअर यांनी १९३१ च्या सुमारास या कल्पनेला गणिताचं पूर्णत्व दिलं. ठरावीक घटकांत जास्तीत जास्त तीव्र कडा कशी मिळवायची, याचं उत्तर त्यांच्या एलिप्टिक फिल्टरमध्ये आहे. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनमध्ये सोव्हिएत सैनिकांच्या हातून ते मारले गेले. त्यांचं गणित आजही वापरात आहे. त्याची किंमतही ठाऊक असावी : कडा जितकी तीव्र, तितका कडेजवळच्या वारंवारतांना फिल्टरमधून बाहेर पडायला उशीर. बोलण्यात हा उशीर कानाला फारसा कळत नाही. डिजिटल संदेशातल्या स्पंदांचा आकार मात्र त्याने बिघडतो.

रेडिओने आणखी एक धडा दिला. सुपरहेटरोडाइन रेडिओ प्रत्येक स्टेशन आधी एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणतो; ती बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते आणि तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ अंतरावरचं स्टेशनही हव्या स्टेशनच्या जागी घुसू शकतं. मीडियम वेव्हवर हे अंतर भरपूर आहे. शॉर्टवेव्हच्या १५ मेगाहर्ट्झवर मात्र ते जेमतेम ६ टक्के उरतं, आणि अँटेनाजवळची साधी कॉईल त्या घुसखोर स्टेशनला अडवू शकत नाही. म्हणून एकच स्टेशन तबकडीवर दोन ठिकाणी लागायचं. चांगल्या संचांनी पहिली मधली वारंवारता वाढवून हा घुसखोर दूर ढकलला. त्यामुळे फिल्टरचं काम सोपं झालं, कारण लढाईची जागाच बदलली होती.

दरम्यान घटकही बदलत गेले. कॉईलपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा गमावणारा क्वार्ट्झ स्फटिक १९३० च्या दशकात टेलिफोनच्या फिल्टरमध्ये आला. १९६५ साली व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकाच्या पृष्ठभागावर बोटांसारख्या गुंफलेल्या धातूच्या पट्ट्यांनी ध्वनिलहर निर्माण करून दाखवली. ही लहर विद्युतचुंबकीय लहरीपेक्षा सुमारे लाखपट मंद चालते, त्यामुळे फिल्टर नखाएवढ्या जागेत मावतो. टीव्हीच्या मधल्या वारंवारतेच्या (आयएफ) विभागातल्या कॉईल एकेक करून जुळवण्याचं कष्टाचं काम या ‘सॉ’ (सरफेस अकूस्टिक वेव्ह) फिल्टरने संपवलं. पुढे मोबाईल फोनला १९१० मेगाहर्ट्झपर्यंत बोलत असतानाच १९३० पासून ऐकायचं होतं. मध्ये फक्त २० मेगाहर्ट्झची फट. ती सांभाळायला ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ थराचे फिल्टर आले.

इतकी साधनं हाताशी असूनही चुका झाल्याच. २०११ मध्ये अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड या कंपनीच्या नियोजित मोबाईल जाळ्याने जीपीएस संचांना बाधा होते, असं चाचण्यांत दिसलं. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, तर नवा शेजारी १५५९ च्या खाली. शेजारचा पट्टा शांतच राहील असं धरून संच बनले होते. २०२२ मध्ये ५जी सेवा आणि विमानांचे ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालणारे उंचीमापक यांच्यात हाच वाद पेटला.

आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला हा प्रश्न रोजचाच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारी अतिशय क्षीण रेडिओलहर टिपतात. इथे पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी भरभक्कम फिल्टर लावला, तर त्यातली झीज थेट गोंगाट वाढवते. न लावला, तर मोबाईलचा जोरदार संदेश ॲम्प्लिफायरच गुदमरवतो. अद्ययावत यंत्रणेचे दोन पट्टे ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे आहेत. मोबाईल सेवेचा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या दोहोंच्या मधे बाहेर राहतो.

फिल्टरची रचना करायला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझं एवढंच सांगणं आहे : सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक यादी करा. कोणती वारंवारता अडवायची, किती डेसिबलने, आणि त्यासाठी हव्या संदेशाचं किती नुकसान चालेल, हे तीन रकाने भरा. आज रिकामा दिसणारा शेजारचा पट्टाही त्या यादीत धरा, कारण तो फार काळ रिकामा राहणार नाही.