बसमधली खिडकीची जागा

कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा रोज कोण कोणासाठी धरून ठेवतं, हे बसमधल्या चाळीस जणांना त्या दोघांच्याही आधी कळलेलं असतं. नाशिकमध्ये अंबडला किंवा सातपूरला फर्स्ट शिफ्ट सुटते, गेटवर पंचिंगची रांग लागते, बस भरतात. गरवारे पॉइंट, त्रिमूर्ती चौक, पवननगर असे स्टॉप मागे पडत जातात. मग एक दिवस ती आपल्या नेहमीच्या स्टॉपच्या आधीच उतरते आणि तो दोन स्टॉप पुढे जातो. कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून घेतलेली ही खबरदारीच सगळ्यांच्या डोळ्यावर येते. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक शब्द टेबलाटेबलांवरून फिरतो: लफडं.

हा शब्द मला नेहमी खटकतो. त्या दोघांमध्ये काय आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. पाहणाऱ्याच्या मनात काय आहे तेवढंच तो सांगतो. आणि गंमत म्हणजे कामाच्या जागी जुळणाऱ्या प्रेमाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तोही पाहणाऱ्यांपासूनच. रॉबर्ट क्विन या अमेरिकी संशोधकाचा १९७७ साली आलेला अभ्यास या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक. प्रेमात पडलेल्यांना शोधत बसण्याऐवजी त्यानं विमानतळावर विमानाची वाट पाहणाऱ्या नोकरदारांना गाठलं. तुमच्या ऑफिसात असं कोणी जोडपं पाहिलंत का, ते का एकत्र आले असं तुम्हाला वाटतं, पुढे काय झालं, असं विचारलं. पाहणाऱ्यांनी सांगितलेली कारणं तीन गटांत बसली: खरं प्रेम, नुसती मौज किंवा अहंकार सुखावणं, आणि नोकरीतला फायदा. यातलं कुठलं कारण आपण समोरच्या जोडीला चिकटवतो, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांतला अभ्यास वाचताना माझं मत हेच होत गेलं की कामाच्या जागेवर परिणाम होतो तो त्या दोघांपेक्षा तिसऱ्या माणसामार्फत जास्त.

आधी हे जुळतं कसं ते पाहू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आवारातल्या वसाहतीत लिऑन फेस्टिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मैत्रीचा अभ्यास केला होता. तो १९५० साली पुस्तकरूपानं आला. शेजारच्याच दारातल्या माणसाशी जवळची मैत्री असण्याचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून पलीकडच्याशी २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराशी १० टक्के निघालं. आवडीनिवडी नंतर, दार आधी. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या दोघांनी याहून साधा प्रयोग केला. चार तरुणींना एका वर्गात नुसतं येऊन बसायला सांगितलं: एक १५ वेळा आली, एक १० वेळा, एक ५ वेळा आणि एक कधीच नाही. कोणाशी बोलायचं नाही, ओळख करून घ्यायची नाही. सत्र संपल्यावर वर्गातल्या मुलांना चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जितक्या जास्त वेळा डोळ्यांसमोरून गेली ती तितकी जास्त आवडली होती.

आता असेंब्ली लाइन आठवा. एकाच स्टेशनवर आठ तास, हाताच्या अंतरावर. तीच शिफ्ट, तीच बस, कँटीनचा तोच बाक. आधीचा माणूस पार्ट पुढे सरकवतो, पुढचा उचलतो. दिवसातून शेकडो वेळा. १५ वेळा दिसण्यानं एवढा फरक पडत असेल, तर इथला हिशोब ज्यानं त्यानं करावा. शिवाय रात्रपाळीतही असं शेजारी बसण्याची वेळ आपल्याकडे तशी नवी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं संध्याकाळी सातनंतर स्त्रियांना कारखान्यात कामाला ठेवण्यावर बंधन घातलं होतं. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं सुरक्षितता आणि घरी पोहोचवण्याच्या सोयीसारख्या अटी घालून रात्रपाळीची वाट मोकळी केली. अमेरिकेत उलट चाललंय. मायकल रोझेनफेल्डच्या २०१९ च्या अभ्यासानुसार तिथे सहकारी म्हणून किंवा सहकाऱ्यांमार्फत भेटलेल्या जोडप्यांचा वाटा १९९५ मधल्या १९ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ११ टक्क्यांवर आला, कारण ऑनलाइन ओळखींनी ती जागा घेतली.

एकत्र काम करताना जुळणाऱ्या नात्याचं एक जुनं रूप नाशिकला ठाऊक आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके मुंबईहून नाशिकला आले, तेव्हा चित्ताकर्षक नाटक कंपनी इथे मुक्कामाला होती. त्या कंपनीतल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांना फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभं केलं, आणि भारतीय चित्रपटात पहिल्यांदा स्त्रीची भूमिका स्त्रीनं केली. कमलाबाईंचं लग्न पुढे झालं ते त्याच कंपनीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी. नाटक कंपनी म्हणजे काम, जेवण, प्रवास, बिऱ्हाड सगळं एकत्र. बाहेरचं जग अशा मंडळींकडे संशयानं पाहत होतं. कंपनीच्या आत मात्र ती एक घरगुती गोष्ट होती. चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले हे अभिनेते त्याच घरातले.

प्रेमाच्या पहिल्या दिवसांत माणूस कामातून जातो का? हेलन फिशर, आर्थर अ‍ॅरन आणि लूसी ब्राउन यांनी २००५ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताना मेंदूच्या तळाशी असलेला, डोपामाइन पुरवणारा भाग उजळलेला दिसला. भूक लागल्यावर अन्नाकडे किंवा तहान लागल्यावर पाण्याकडे ओढणारी यंत्रणा तीच. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात हेंक व्हान स्टीनबर्गेन यांना असं आढळलं की प्रेम जितकं उत्कट, तितकं नको त्या माहितीकडे दुर्लक्ष करून हातातल्या कामावर लक्ष ठेवणं जड जातं. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याच्या बाबतीत हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. पण हा भर कायमचा नसतो, आणि लक्ष उडायला प्रेमच लागतं असंही नाही. घरचं आजारपण, कर्जाचा हप्ता यांनीही तेच होतं. त्यासाठी कोणी कोणाची लाइन बदलत नाही.

लपवाछपवीचं काय होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९४ मध्ये डॅनियल वेग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. चार अनोळखी जण पत्ते खेळायला बसवले, दोन पुरुष, दोन स्त्रिया. एका जोडीला सांगितलं: टेबलाखाली एकमेकांच्या पायाला पाय लावून ठेवायचा, समोरच्यांना कळू द्यायचं नाही. काही गटांत मात्र ही गोष्ट सगळ्यांच्या देखत होती. खेळ संपल्यावर विचारलं, तर चोरून पाय लावणाऱ्यांना एकमेकांविषयी ओढ जास्त वाटत होती. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ते एकमेकांना ओळखतही नव्हते. लपवायचं म्हटलं की मनाला सतत पहारा द्यावा लागतो, आणि ज्याच्यावर पहारा तोच मनात ठाण मांडतो. नंतर जस्टिन लेहमिलरनं प्रत्यक्षातली, दीर्घकाळ लपवलेली नाती पाहिली, तेव्हा चित्र उलटं निघालं: अशा नात्यांत बांधिलकी कमी आणि मनाला, शरीराला त्रास जास्त. पत्त्यांच्या चार डावांत जे गोड लागतं तेच वर्षभर वागवलं की ओझं होतं.

हे अभ्यास तिकडचे, आणि तिथे नातं लपवायचं ते मुख्यतः साहेबापासून, एचआरपासून. इथे तसं नाही. पेठ, सुरगाणा, निफाड, येवल्याकडून आलेली मुलगी सिडकोत चौघींमध्ये खोली करून राहते, तेव्हा तिला कंपनीच्या नियमांची फार धास्ती नसते. तिला धास्ती असते ती पलीकडच्या लाइनवरच्या गावच्या पोराची. तो रविवारी गावी जाणार, आणि त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं की सोमवारी भाऊ कंपनीच्या गेटवर. जात आडवी आली तर गोष्ट गेटवर थांबत नाही. म्हणजे आपल्याकडे तिसरा माणूस हा नुसता सहकारी नसतो. तो शेजारी असतो, भावकीतला असतो, सोयरा असतो. त्याच्या एका शब्दानं मुलीची नोकरी सुटते. मुलाची सहसा सुटत नाही. कामाच्या जागेवरचा परिणाम मोजताना राजीनाम्याचं ‘घरगुती कारण’ कोणत्या रकान्यात धरायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नाही, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

बरोबरीच्या दोघांचं नातं सहकारी बऱ्यापैकी सहज पचवतात. बिघडतं ते शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायरीत. शॉन होरन आणि रिबेका चोरी यांच्या २००९ च्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. बरोबरीच्या सहकाऱ्याशी नातं असलेल्यापेक्षा वरिष्ठाशी नातं असलेल्या माणसावर इतरांचा विश्वास कमी होता, आणि त्याच्यापासून गोष्टी लपवण्याकडे, त्याला खोटं सांगण्याकडे कल जास्त होता. फिनलंडमध्ये अर्थतज्ज्ञांनी सरकारी नोंदी तपासून हेच पैशांत मोजलं. वरिष्ठाशी नातं असेपर्यंत कनिष्ठाची कमाई सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. नातं तुटलं की ती १८ टक्क्यांनी खाली येते. त्याच काळात त्या ठिकाणच्या बाकीच्या लोकांचं नोकरीत टिकून राहण्याचं प्रमाणही सहा टक्के-अंकांनी घटतं. ज्यांचा या प्रेमाशी काही संबंध नाही ते उठून जातात.

का जातात हे कळायला अंबडमधला कुठलाही सुपरवायझर पाहावा. ओटी (ओव्हरटाइम) कोणाला द्यायचा, सुट्टी कोणाची मंजूर करायची, बसून करायचं काम कोणाला आणि उभं राहून करायचं कोणाला, ठेकेदाराकडच्या कोणत्या मुलीचं नाव पुढच्या सहा महिन्यांसाठी वर पाठवायचं, हे सगळं त्याच्या हातात. त्यानं आपल्या माणसाला काहीच झुकतं माप दिलं नाही तरी प्रत्येक ओटीच्या यादीत लोक तेच शोधणार. आणि मुलगी ठेकेदारीवरची असेल तर तिच्या ‘हो’मध्ये मन किती आणि भीती किती, हे तिलाही धड सांगता येत नाही. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये झालेला, कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ‘नकोशा’ लैंगिक वर्तनाला मनाई करतो. दोघांच्या राजीखुशीला त्याची हरकत नाही. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार तीन महिन्यांत द्यायची. पण नातं तुटल्यावर तोच सुपरवायझर ओटी बंद करतो तेव्हा ती तक्रार कुठल्या शब्दांत लिहायची? म्हणून मला वाटतं, कंपन्यांनी प्रेमावर डोळा ठेवण्यापेक्षा शिडी मोकळी करावी. असं नातं आहे असं दोघांनी सांगितलं की ओटीच्या आणि हजेरीच्या कागदावरची सही दुसऱ्याकडे द्यावी, आणि हलवायची वेळ आली तर वरच्या पायरीवरच्याला हलवावं. सध्या हलवलं जातं ते खालच्याला.

हा खालच्याला हलवण्याचा रिवाज जुना आहे. मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत नियम होता की अविवाहित कामगार स्त्रीनं लग्न केलं की नोकरी सोडायची. कंपनीचं म्हणणं, पॅकिंगचं काम गटानं होतं आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. बॉम्बे लेबर युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि १९६५ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. तरी १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात त्याच न्यायालयानं हवाई सुंदरींना पहिली चार वर्षं लग्नाची मनाई करणारा एअर इंडियाचा नियम राहू दिला; पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा तेवढा काढून टाकला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपलं एक मराठी कार्यालयीन शब्दरत्न आहे: ‘पती-पत्नी एकत्रीकरण’. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांच्या २०१७ च्या धोरणात त्यासाठी वेगळा संवर्ग होता; नवरा-बायकोच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना जवळ आणायचं. खासगी कंपनी जोडप्याला लांब करते आणि सरकार जवळ आणतं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एखाद्या पाड्यावरची शाळा अशी असू शकते की जिथे सगळा स्टाफ म्हणजे एक नवरा आणि एक बायको. त्यातला एक मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारा, म्हणजे दुसऱ्याची किरकोळ रजा मंजूर करणारा. स्टाफरूमच नाही, तर कुजबुज कुठली?

अशा जोड्यांबद्दल संशोधन दोन गोष्टी सांगतं. एकाच व्यवसायातला जोडीदार कामाचा ताण जास्त समजून घेतो. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांचा फोन हे दुसऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि तेल अवीवच्या मीना वेस्टमन यांनी दाखवलं तसं, एकाचा ताण दुसऱ्यात उतरतो. घरी ठिणगी पडली की ती डब्याबरोबर शाळेत येते. पोर तापानं फणफणलं तर एक दिवस दोन्ही वर्ग एकाच्याच अंगावर पडतात.

आणि तिसरा माणूस इथेही असतोच. तो पहिल्या बाकावर मांडी घालून बसलेला असतो. व्हरांड्याच्या एका टोकाला सर पाढे म्हणून घेतायत, दुसऱ्या टोकाला मॅडम फळ्यावर बाराखडी लिहितायत. रोज मधल्या सुट्टीत सरांचा डबा मॅडम उघडतात. आज सरांनी स्वतःच उघडला. दुसरीतली पोरगी शेजारणीच्या कानाला लागते, आणि घंटा व्हायच्या आत दोन्ही वर्गांना कळलेलं असतं.