आजार नाही म्हणजे आरोग्य आहे का?
(नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही)



या अंकात शेतकी विभागाकडून खोडव्याच्या खतमात्रेवर मजकूर येईल अशी आपली अपेक्षा असणार. तो पुढील अंकात देतो. या वेळी विषय वेगळा आहे. तो माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो.

आपल्या मुळशी भागातील बऱ्याच सभासदांच्या मुली हल्ली नर्सिंगला आहेत. कोणी दोन वर्षांचा एएनएम करते, कोणी तीन वर्षांचा जीएनएम, तर कोणी चार वर्षांची बी. एस्सी. माझी पुतणीही त्यांतलीच. गेल्या हंगामात तिच्या वर्गातल्या मुली सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी आपल्या गटातल्या एका गावी आल्या. गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. त्यांच्या बाईंचा मला निरोप आला, की टोळ्यांची तुम्हाला माहिती आहे, तर मुलींना घेऊन जा. गेलो. परत आल्यावर पुतणीने आपले पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "काका, यात लिहिलंय ते आणि तिथं पाहिलं ते, याचा मेळ कुठं लागतो ते कळत नाही." मी कृषी पदविका घेतलेला माणूस, वैद्यकातला नव्हे. पण दोन-चार रात्री ते पुस्तक वाचले, अडले तिथे बाईंना विचारले, आणि ध्यानात आले, की यातले निम्मे आपण शेतकरी रोज करतो, फक्त उसासाठी करतो.

पुस्तकात पहिलाच प्रश्न आहे, आरोग्य म्हणजे काय? आपण सरळ म्हणू, की आजार नाही म्हणजे आरोग्य. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली. तिच्यात व्याख्या केली आहे ती अशी, की शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्ही बाबतींत माणूस पूर्णपणे सुस्थितीत असणे म्हणजे आरोग्य. नुसता रोगाचा वा दुबळेपणाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. काही जाणकार म्हणतात, की 'पूर्णपणे' हा शब्द फारच मोठा झाला, असा माणूस सापडायचा कुठे? मलाही तसेच वाटते. पण व्याख्येचा रोख बरोबर आहे. कीड नाही, रोग नाही, तरी एकरी वीस टनांवर अडकलेला ऊस आपण निरोगी म्हणत नाही. त्याला पाणी कमी पडले असेल, जमीन चोपण झाली असेल, नाहीतर बेणे जुने असेल. माणसाचेही तसेच. दवाखान्यात न जाणारा प्रत्येक जण धडधाकट असतोच असे नाही. कित्येकांना जायला सवड नसते.

दुसरी गोष्ट रोगप्रतिबंधाच्या तीन पातळ्यांची. मुली या तीन व्याख्या घोकतात आणि परीक्षेत उलटसुलट लिहितात, असे बाई म्हणाल्या. सभासदांच्या घरच्या मुलींना त्या घोकायची गरज नाही. आपला त्रिस्तरीय बेणेमळा आठवा. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण दमट हवेत ठेवतो, लागणीच्या आधी बेणे बुरशीनाशकात बुडवतो. रोग दिसलेला नसतो, तरी करतो. ही पहिली पातळी. माणसात लसीकरण, स्वच्छ पाणी, चुलीच्या धुरापासून सुटका, तंबाखू-मिश्रीला हात न लावणे हे सगळे यात येते. मग पीक उभे राहिल्यावर आपण सरीसरीतून हिंडतो. काणीचा काळा चाबूक दिसला, की त्यावर पिशवी चढवून ते बेट मुळासकट काढतो आणि जाळतो. रोग आला आहे, पण पसरण्याआधी हेरला. ही दुसरी पातळी. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंड तपासणे, बायकांच्या स्तनांची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करणे, ही कामे सरकारी उपकेंद्रांकडे दिलेली आहेत ती याचसाठी. किती सभासदांनी ती करून घेतली, हा प्रश्न मी वार्षिक सभेत विचारणार नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

तिसऱ्या पातळीवर मात्र उसाची उपमा सोडून द्यावी लागते. रोगट बेट आपण उपटून टाकतो. माणसाचे तसे करता येत नाही. अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्याला रोज हातपाय हलवायला लावणे, मधुमेही माणसाचा पाय कापावा लागू नये म्हणून त्याची जखम जपणे, ही तिसरी पातळी. आणि घरोघर जाऊन तिचा भार वाहतात त्या परिचारिकाच.

इथवर प्रतिबंधाचे झाले. आरोग्यसंवर्धन याच्याही एक पाऊल अलीकडे आहे. अमुक एक रोग टाळायचा एवढाच हेतू न धरता, माणसाला आणि त्याच्या वस्तीला आपल्या आरोग्यावर स्वतःचा ताबा वाढवता यावा, हा त्याचा अर्थ. कॅनडातल्या ओटावा शहरी नोव्हेंबर १९८६ मध्ये परिषद भरली, तिच्या सनदेत ही व्याख्या आहे. सनदेत पाच कामे सांगितली आहेत : धोरणे आरोग्याला पोषक करणे, भोवतालची परिस्थिती सुधारणे, लोकांनी एकत्र येऊन काम करणे, माणसाच्या अंगी माहिती व कसब येणे आणि आरोग्यसेवेचा रोख नुसत्या उपचारांकडून इकडे वळवणे. म्हणजे 'हे करा, ते करू नका' असे सांगणे हा पाचातला एक भाग झाला. आपण बहुतेक जण तेवढाच करतो. मीही तेवढाच केला होता, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या उन्हात दोन तोडकरी फडातच चक्कर येऊन पडले. मी लगेच शहाणपणा केला. गाडीतळावर रंगाने फलक लिहून घेतला, 'दिवसातून भरपूर पाणी प्या.' माझ्या मते आरोग्यशिक्षण झाले. गेल्या हंगामात या मुलींबरोबर कोप्यांवर गेलो तेव्हा तो फलक तिथेच होता. मुलींपैकी एकीने बायकांना विचारले, दिवसभरात पाणी किती पिता? एक बाई हसली. म्हणाली, "पोरी, पाणी पिलं की जावं लागतंय. जायचं कुठं? ऊस उभा व्हता तवर आडोसा व्हता. आता तोडून सगळं रान मोकळं झालं." पहाटे अंधारात एकदा जायचे, आणि मग रात्रीपर्यंत घोट-घोट पाणी पिऊन काढायचे, असा त्यांचा हिशेब. माझा फलक त्यांना वाचता येत नव्हता असे नाही. दोघींना चांगला वाचता येत होता.

पुतणीच्या पुस्तकात अमेरिकेतल्या नोला पेंडर या परिचारिका-अध्यापिकेने १९८२ साली मांडलेला आराखडा आहे. त्यात त्या सांगतात, की माणूस चांगली सवय लावतो की नाही हे नुसत्या माहितीवर ठरत नाही. त्यातून फायदा काय दिसतो, आड काय येते, आपल्याला ते जमेल असा भरवसा वाटतो का, घरचे व सोबतचे काय म्हणतात, हे सगळे त्यात येते. तो भाग मी त्या रात्री पुन्हा वाचला. 'आड काय येते' हे मी कधी विचारलेच नव्हते.

आणि हे प्रकरण चक्कर येण्यावर थांबत नाही. पाणी कमी, लघवी दाबून धरलेली, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला-वाळवायला जागा नाही. यातून लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दिवस घरी बसले तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापले जाणार. मग दुखणे अंगावर काढायचे, आणि अगदी असह्य झाले की एखाद्या खासगी दवाखान्यात जायचे. तिथे कॅन्सरची भीती घातली गेली, की पिशवी काढून टाकायची. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली मोठी ओरड झाली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवी गेल्यावर दुखणे संपतेच असेही नाही; कंबर, हाडे, मनाचा अस्वस्थपणा, असे नवे सुरू होते. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली, ते योग्यच झाले. पण परवानगीची पायरी येते ती अगदी शेवटी. आडोशाची पायरी पहिली होती, आणि ती आपल्या बांधावर होती.

याच बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक काम झाले आहे, ते नर्सिंगच्या प्रत्येक मुलीने जाणून घ्यावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला गेले. आपल्याकडे येणाऱ्या कित्येक टोळ्या त्याच पट्ट्यातल्या, बीड आणि अहिल्यानगरकडच्या. डॉक्टर गेले औषधे द्यायला, आणि दुष्काळातले लोक म्हणाले, आधी पाणी आणि अन्न. तेव्हा दवाखान्याच्या जोडीला त्यांनी विहिरी, हातपंप आणि मुलांच्या आहाराचे काम हाती घेतले. गावोगावच्या, बहुतेक न शिकलेल्या बायका निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत दलित समाजातल्या कितीतरी होत्या. बाळंतपण कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. कामाच्या सुरुवातीला त्या भागात हजारी पावणेदोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्माआटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' याकरिता प्राथमिक आरोग्यसेवेचा मार्ग जगापुढे ठेवला गेला. जामखेडची माणसे त्या वाटेने तेव्हा आठ वर्षे चालत होती.

उसाच्याच धंद्यातले परदेशातले एक उदाहरण सांगतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा, एल साल्व्हाडोर या देशांत तरणेबांड तोडकरी मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. ना मधुमेह, ना रक्तदाब. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण भर उन्हातले अतिकष्ट आणि अंगातले पाणी कमी होणे हे त्यातले मोठे कारण असल्याचे जाणकार मानतात. तिथल्या काही कारखान्यांनी फडातच पाणी, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती आणि ताडपत्रीची सावली अशी व्यवस्था केली. मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे तपासण्यांत दिसले. औषध कोणते दिले? पाणी, विसावा, सावली.

आता आमच्या त्या गावचे. दोघा सभासदांनी आपल्या विहिरीच्या लाइनीवरून नळ दिला, पत्र्याचे दोन आडोसे शोषखड्ड्यासह उभे केले. एक चालला, दुसरा आठ दिवस तसाच पडून. का, ते मुलींनी जाऊन विचारले. रस्त्याकडेला होता, आणि संध्याकाळी तिथे गावातली पोरे बसत. मग तो पलीकडे चिंचेखाली हलवला आणि एक दिवा लावला. जागा बायकांनीच दाखवली. आधी विचारले असते तर एक फेरा वाचला असता.

मुलींकडूनही मी एक शिकलो. आम्ही आरोग्य शिबिर ठेवायचो सकाळी अकराला, म्हणजे फोटो चांगला येतो. त्या वेळी सगळे कोयते फडात. शिबिराला यायचे ते मुकादम आणि गावचे पुढारी. या मुलींनी माझ्याकडून तोडणीचा कार्यक्रम मागून घेतला आणि ज्या टोळीची गाडी लवकर भरून जाणार त्या टोळीकडे दिवेलागणीला गेल्या. तीन गरोदर बायका निघाल्या. एकीचे माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलेले, दोन पोरांच्या लसी चुकलेल्या. कार्ड कुठल्याही जिल्ह्यात चालते, लस कुठेही मिळते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी त्यांना उपकेंद्रात नेले. त्या दिवसाचा खाडा मुकादमाने लावू नये म्हणून मी स्वतः त्याच्याशी बोललो. तो आधी कुरकुरला, मग कबूल झाला. नर्सिंगच्या पुस्तकात या कामाला रुग्णाची बाजू मांडणे असे म्हणतात. एकट्या विद्यार्थिनीने मुकादमाशी बोलून ते झाले नसते. तिथे शेतकी खात्याचा माणूस लागतो, शेतमालक लागतो.

येत्या हंगामात आपल्या शेतावर टोळी येण्याआधी गटाच्या चिटबॉयकडे तीन गोष्टी नोंदवा : कोप्या कुठे पडणार, पिण्याचे पाणी कुठून येणार आणि बायकांच्या आडोशाला जागा कोणती. जागा टोळीतल्या बायका आल्यावर पक्की करू. ज्यांच्या घरी नर्सिंगची मुलगी आहे त्यांनी तिच्या प्रात्यक्षिकाच्या तारखा गट कार्यालयात कळवाव्यात, म्हणजे तोडणीचा कार्यक्रम तिच्या हाती वेळेवर देता येईल. फलक मी उतरवलेला नाही. त्याच्या खाली नळ कुठे आहे आणि आडोसा कुठल्या बाजूला आहे, तो बाण तेवढा रंगवून घेतला आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग